कॉलेजपुरता बाप

विजापूर रोडवरच्या एका कॉलेजच्या फाटकासमोर लिंबाच्या सावलीत रिक्षांचा थांबा आहे. तिथं बंदेनवाज नदाफ रिक्षा लावतात. मूळ गाव मैंदर्गी, तालुका अक्कलकोट. वडील कापूस पिंजून गाद्या भरायचे. तयार गाद्या दुकानात मिळायला लागल्या तेव्हा बंदेनवाज सोलापूरला आले. आधी दुसऱ्याची, मग स्वतःची रिक्षा चालवली, नई जिंदगी भागात दोन खोल्या बांधल्या, थोरली लेक झीनत कुर्डुवाडीला रेल्वेतल्या मुलाला दिली. धाकटी आफरीन बारावीला आहे. इथपर्यंत सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं होतं ते त्यांच्या चेहऱ्यात. मागे वळवलेले पांढरे केस, जाड काड्यांचा चष्मा, आणि कायम असा भाव की या माणसाला कुणीतरी नुकतंच काहीतरी वाईट सांगितलंय आणि त्यानं ते मनाला लावून घेतलंय. खरं तर त्या वेळी ते बहुतेक क्लच वायरचा विचार करत असायचे. पण कॉलेजातल्या पोरांनी तो चेहरा हेरला.

कॉलेजात कुणी आगळीक केली की 'पालकांना घेऊन या' असा हुकूम निघे. पालक असायचे करमाळ्यात, मंगळवेढ्यात, नाहीतर पार कर्नाटकात इंडीकडं. एक दिवस मंगळवेढ्याचं एक पोरगं रिक्षापाशी येऊन घुटमळलं.

"चाचा, पाच मिन्टं आत येऊन बसता का? बोलायचं काय न्हाय. नुस्तं बसायचं."

बंदेनवाज जाऊन बसले. सरांनी पोराचे प्रताप वाचून दाखवले. बंदेनवाजांनी मान खाली घातली. हळूहळू सरांनाच वाईट वाटायला लागलं, आणि त्यांनी चहा मागवला. त्या दिवसापासून बंदेनवाज कॉलेजपुरते बाप झाले. कधी काका, कधी मामा, पण जास्त करून बाप. शिस्त समितीवर दरवर्षी नवे प्राध्यापक येत, त्यामुळं या गृहस्थाला एवढी मुलं कशी, असा प्रश्न कुणाला पडला नाही.

त्यांचे काही नेम होते. नाव पोरानं सांगायचं, आपण फक्त मान डोलवायची. मारामारी असली किंवा पोरीची छेड काढली असली तर यायचं नाही. "त्याला तुझा खरा बाप आण," ते म्हणत, "आन् येताना पायातलं घेऊन ये म्हणावं." एका पोरानं खात्रीसाठी त्यांच्या कपाळाला विभूती लावायला घेतली तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला. "ते नको. लागतंय तेवढंच खोटं बोलू." मोबदला म्हणून ते चहा आणि भजी घेत.

कमरबीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे पसंत नव्हतं.

"दुनिया के बाप बनको फिरते," ती म्हणायची. "अपनी बेटियों के इस्कूल को कब्बी गए क्या?"

बंदेनवाज म्हणत, शाळेच्या वेळेला धंदा असतो. कॉलेजच्या वेळेलाही धंदाच असतो, असं कमरबी म्हणे. त्यावर बंदेनवाज रिक्षा पुसायला बाहेर जात.

असं सुरळीत चाललं असताना शिवयोगी म्हमाणे याचं प्रकरण झालं.

शिवयोगी मोडनिंबचा. बापाचं तिथं बी-बियाणांचं दुकान. पोरगं बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला, सैफुल भागात खोली घेऊन राहायचं, आणि फावला वेळ लिंबाखाली रिक्षावाल्यांत काढायचं. त्यानं मित्राचा वाढदिवस कॉलेजच्या व्हरांड्यात साजरा केला. केक तलवारीनं कापला. तलवार लाकडी होती, गॅदरिंगच्या नाटकातली, तिला चंदेरी कागद लावलेला. पण स्टेटसला टाकलेल्या व्हिडिओत ती खरीच वाटत होती. नंतर केकची फेकाफेक झाली आणि त्यातला बराचसा 'विद्यार्थ्यांसाठी आचारसंहिता' या फलकावर गेला. मधले काही नियम सोमवारपर्यंत वाचता येत नव्हते.

पालकांना घेऊन या, असा हुकूम निघाला. बंदेनवाजांनी रिक्षातच खाकी शर्ट काढून ठेवला, पांढरा चढवला आणि ते शिवयोगीचे वडील म्हणून आत गेले.

आत या वेळी प्रा. दाक्षायणी कलशेट्टी होत्या. त्या मानसशास्त्र शिकवत आणि शिस्त समिती नुकतीच त्यांच्याकडं आली होती. त्यांनी आधी नाव विचारलं, मग आडनावावरून ओळख काढून कानडीत बोलायला सुरुवात केली. शिवयोगीचा चेहरा पडला. म्हमाण्यांच्या घरात आजीनंतर कुणाला कानडी येत नव्हती. पण बंदेनवाज मैंदर्गीत वाढलेले.

"तप्पायतु, मॅडम," ते म्हणाले. चूक झाली. आणि पुढची पाच मिनिटं ते अशा अस्सल कानडीत बोलले की मॅडमना आपल्या माहेरची आठवण झाली.

"दंड घ्यायचा नाही असं आम्ही ठरवलंय," मॅडम मराठीवर येत म्हणाल्या. "निलंबनही नाही. शिक्षा करून मूल बदलत नाही, काकासाहेब. शिकवून बदलतं. आम्ही वर्तन शिक्षण वर्ग सुरू करतोय. सहा शनिवार, दोन तास. विद्यार्थी आणि पालक, दोघांनी बसायचं."

"बरोबर हाय मॅडम," बंदेनवाज म्हणाले. ही त्यांची सवय होती. समोरचं बोलणं संपलं की ते 'बरोबर हाय' म्हणत आणि मग ते कशाबद्दल होतं याचा विचार करत. या वेळी विचार करेपर्यंत मॅडमनी सही घेतली होती.

बाहेर आल्यावर लिंबाखाली दोघांचं वाजलं.

"सा शनिवार? आरं, मी काय नोकरीला हाय का तुझ्या बापाच्या?"

"चाचा, पाया पडतो. बाबांना कळलं तर कॉलेज बंद. गल्ल्याशेजारी खुर्ची टाकतील माझ्यासाठी. ते तर वाटच बघतायत."

"टाकू दे की मग."

पण पोराचे डोळे भरून आले, आणि चेहऱ्याच्या बाबतीत बंदेनवाज स्वतःच कच्चे होते.

पहिल्या शनिवारी वर्गात तीन जोड्या होत्या. शिवयोगी आणि बंदेनवाज. दुसरी, सिद्धेश्वरी नावाची मुलगी आणि तिची आई दानम्मा. सिद्धेश्वरीनं वर्षभर मैत्रिणीच्या नावानं हजेरी लावली होती, तीही वेगळा आवाज काढून. तिसरा सोमेश, ज्यानं ग्रंथालयातल्या पुस्तकांची हवी ती पानं ब्लेडनं कापून नेली होती, आणि त्याचे वडील. ते विमा एजंट होते आणि येता येता त्यांनी शिपायाला पॉलिसी समजावून सांगितली होती.

मॅडमनी सगळ्यांना कोरे कागद दिले. पालकांनी मुलाबद्दल लिहायचं, मुलांनी पालकाबद्दल. त्याला काय आवडतं, तो कशाला घाबरतो, वगैरे.

बंदेनवाज शिवयोगीच्या कानाशी लागले. "भाजी कंची आवडती रं तुला?"

"न विचारता लिहा," मॅडम म्हणाल्या.

बंदेनवाज सातवीपर्यंत शिकले होते. त्यांनी पेन झटकलं, चष्मा वर केला आणि बराच वेळ पोराकडं बघितलं. दोन वर्षं हे पोरगं रोज लिंबाखाली दिसत होतं. मग त्यांनी सावकाश लिहिलं, आणि पाळी आल्यावर उभं राहून वाचलं.

"पोरगं घाबरलं की हसतं. जास्त घाबरलं की जास्त हसतं. लोकास्नी वाटतं लई खुशीत हाय. घरनं फोन आला की लांब जाऊन बोलतं, आन् आल्यावर सगळ्यास्नी चहा सांगतं."

शिवयोगी हसला, आणि आपण हसतोय हे लक्षात येऊन थांबला. मॅडमनी वहीत काहीतरी टिपून घेतलं.

"छान. आता शिवयोगी, तू."

शिवयोगीनं कागद वाचला. कागदावर खरा बाप होता. "बाबा दुकानात गिऱ्हाइकाशी जेवढं बोलतात तेवढं माझ्याशी बोलत नाहीत. दहावीला मला चांगले मार्क पडले तेव्हा त्यांनी मार्कलिस्ट बघितली आणि कांद्याच्या बियाण्याचा ट्रक आलाय, उतरवायला ये म्हणाले."

मॅडम बंदेनवाजांकडं वळल्या. त्यांचा आवाज मऊ होता, पण त्यात धार होती.

"यावर तुम्हाला काय सांगायचंय?"

बंदेनवाज उभे राहिले. ज्या माणसाला त्यांनी कधी बघितलं नव्हतं, त्याच्या वतीनं आता जाब द्यायचा होता.

"दुकानात माणूस बोलून बोलून दमतो, मॅडम," ते शेवटी म्हणाले. "घरात यीपतूर शब्द संपत्यात." मग म्हणाले, "पर मार्कलिस्ट बघून कायतरी बोलाय पायजे हुतं. चुकलंच ते."

दानम्मा डोळे पुसायला लागली. सोमेशच्या वडिलांनी फोन उलटा करून ठेवला.

त्या दिवशी बंदेनवाजांनी धंदा लवकर आवरला. घरी आल्यावर त्यांनी कमरबीला विचारलं, आफरीन कशाला घाबरते.

"तुमना क्या करना है?"

"पालक म्हणून विचारतोय."

"किसके?"

आफरीन तिथंच अभ्यास करत बसली होती. ती वहीतून डोकं न काढता म्हणाली, "पालीला. आणि बोर्डाच्या गणिताला."

दुसऱ्या शनिवारी मॅडमनी गृहपाठ दिला. आठवड्यातून एकदा दोघांनी फोन बाजूला ठेवून एकत्र जेवायचं आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. फोन बाजूला ठेवला तर फोटो कसा काढायचा, असं सोमेशच्या वडिलांनी विचारलं. तिसऱ्यानं काढावा, असं ठरलं. त्यामुळं शिवयोगी म्हमाणे नई जिंदगीत जेवायला आला. कमरबी दारात उभी होती. तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"ये है क्या तुमारा बेटा?"

"कॉलेजपुरता," बंदेनवाज म्हणाले.

कमरबीनं शिवयोगी शाकाहारी आहे का हे विचारून घेतलं, आणि डाळवांगं, ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी वाढली. नवऱ्याशी ती अजून दोन दिवस नीट बोलणार नव्हती, पण पोराच्या ताटात तिनं न विचारता तिसरी भाकरी टाकली. आफरीननं फोटो काढला.

"तुम्ही नक्की काय केलंत?" तिनं विचारलं.

"केक कापला."

"त्यासाठी सहा शनिवार?"

"तलवारीनं कापला."

आफरीननं यावर विचार केला. "मग कमीच आहेत," ती म्हणाली आणि फोटो पाठवून दिला. ग्रुपवर मॅडमनी अंगठा टाकला.

तिसऱ्या शनिवारी मुलांनी, आपल्या करणीचा त्रास कुणाला झाला हे शोधून त्या माणसाशी बोलून यायचं होतं. शिवयोगीच्या वाट्याला झाडलोट करणाऱ्या बाळाबाई आल्या. फलक त्यांनीच धुतला होता. रागवाव्यात अशी मॅडमची अपेक्षा असावी. बाळाबाई म्हणाल्या, "मला वाटलं कंचा तरी सण हाय." मग मात्र म्हणाल्या की क्रीमला मुंग्या लई लागतात, आणि ते दोन हातांनी निघत नाही. शिवयोगी तो आठवडाभर सकाळी त्यांच्याबरोबर व्हरांडा पुसायला गेला. बाळाबाईंनी त्याला फडकं पिळायला शिकवलं, कारण त्याला ते येत नव्हतं.

चौथ्या शनिवारी शिवयोगी आलाच नाही. मॅच होती. बंदेनवाज मात्र पांढरा शर्ट घालून वेळेवर हजर. त्यांनाही ते नीट सांगता आलं नसतं, पण पंख्याखाली बाकावर बसून कुणीतरी आपल्याला काहीतरी विचारतंय, आणि उत्तर येईस्तोवर थांबतंय, ही गोष्ट त्यांना आवडायला लागली होती. मॅडमनी मुलाची गैरहजेरी लावली, बापाची हजेरी.

त्या दिवशी एकच चर्चा होती. आचारसंहितेतला एखादा नियम घ्यायचा आणि तो का आहे ते सांगायचं. बंदेनवाजांच्या वाट्याला 'पालकांना घेऊन येणे' हा नियम आला.

"ह्यो नियम जरा वाकडा हाय, मॅडम," बंदेनवाज म्हणाले. "ज्या पोराला बापाला सांगायचा धीर हाय, ते कशाला व्हरांड्यात तलवार काढील? आन् ज्याला धीर न्हाय, ते बापाला आणतच न्हाय. दुसरंच कोन तरी आणतंय."

दानम्मा एकाएकी पदर सारखा करू लागली. मॅडम म्हणाल्या की मुद्दा विचार करण्यासारखा आहे, आणि तो त्यांनी फळ्यावर लिहिला.

वर्ग सुटला. बंदेनवाज फाटकाबाहेर आले, लिंबाच्या आडोशाला त्यांनी पांढऱ्यावर खाकी चढवला आणि रिक्षात बसले. बाकीचे रिक्षावाले जेवायला गेले होते. तेवढ्यात मागच्या सीटवर कुणीतरी येऊन बसलं.

"सात रस्ता. गाडी पंक्चर झालीये, जरा लवकर चला."

आवाज दाक्षायणी मॅडमचा होता.

बंदेनवाजांनी आरसा हळूच वर वळवला आणि रिक्षा सुरू केली. मॅडम फोनवर कुणाला तरी मेसेज करत होत्या. आयटीआयपर्यंत काही झालं नाही. विजापूर नाक्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मॅडमनी मान वर केली आणि समोरच्या पांढऱ्या केसांकडं बघत राहिल्या. खाकी शर्टाची कॉलर दुमडलेली होती, आत पांढरी दिसत होती.

"म्हमाणे," त्या म्हणाल्या.

"व्हय मॅडम," बंदेनवाज सवयीनं म्हणाले.

सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या तेव्हा कुठं रिक्षा हलली.

"मोडनिंबचं दुकान कोण बघतंय?"

"ते मी अजून बघितलं न्हाय, मॅडम."

"रिक्षा बाजूला घ्या."

पत्रकार भवनाजवळ एका रसवंतीगृहापुढं त्यांनी रिक्षा घेतली. बंदेनवाज वळून बसले. चेहरा नेहमीचाच होता, पण आज तो खरा होता.

"नाव काय तुमचं?"

"बंदेनवाज नदाफ."

"शिवयोगीचे कोण?"

"स्टॉपवरचा."

प्राचार्यांकडं मॅडमनी कालच अहवाल दिला होता. त्यात 'पालकांचा सहभाग अत्यंत उत्साहवर्धक' असं वाक्य होतं, आणि ते लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढं हाच माणूस होता.

"पहिल्या दिवशी लिहिलंत ते? हसण्याचं?"

"ते खरं हाय. दोन वर्सं बघतोय की त्याला."

"मी हे वर कळवलं तर मुलाला काढतील. नाही कळवलं तर माझा अख्खा वर्ग खोटा."

"तुमी सांगू नका. मी बी न्हाय सांगत."

"नदाफ, हा उपाय नाही."

"न्हाय," बंदेनवाजांनी कबूल केलं. मग म्हणाले, "पुढच्या शनवारी खरा बाप आणतो. मीच आणतो."

सात रस्त्याला उतरताना मॅडमनी पैसे पुढं केले. बंदेनवाज नको म्हणाले. "मीटरप्रमाणे घ्या," मॅडम म्हणाल्या. "पालकांकडून मी फुकट काही घेत नाही." मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या भराभर निघून गेल्या.

शिवयोगीनं ऐकलं तेव्हा तो आधी हसला, खूप हसला. मग लिंबाखाली जमिनीवर बसला.

"चाचा, बाबा मला घेऊन जातील."

"न्हेऊ देत. तुझ्या जागी मी बाकावर बसतोय, तू मॅच खेळतोयस. असलं कॉलेज मोडनिंबला बसून बी करता येतंय."

"मी नाही सांगू शकत त्यांना."

"म्हणून तर मी चाललोय."

मंगळवारी बंदेनवाज एसटीनं मोडनिंबला गेले. दुकान स्टँडपासून जवळच होतं. आत खतांच्या पोत्यांचा उग्र वास, भिंतीला मक्याच्या कणसांचं कॅलेंडर, आणि गल्ल्यावर महेश्वर म्हमाणे. ठेंगणे, गोल, टक्कल पडलेले, आणि खरंच अखंड बोलत असलेले. एका शेतकऱ्याला ते काकडीच्या बियाण्याबद्दल इतक्या मायेनं सांगत होते की बंदेनवाजांनाही काकडी लावावीशी वाटली. गिऱ्हाईक गेलं.

"बोला, काय देऊ?"

"मी तुमच्या पोराचा बाप," बंदेनवाज म्हणाले. येताना एसटीत त्यांनी वेगळं काहीतरी ठरवलं होतं.

महेश्वर बघत राहिले.

"म्हंजे, कॉलेजपुरता."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मधे दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, महेश्वरांनी त्यांना काय हवं ते दिलं, पण बोलले नाहीत.

"केक कशानं कापला म्हणता?"

"तलवारीनं. लाकडाच्या."

"आणि माझ्या नावानं तुम्ही बसता."

"चार शनवार झाले."

महेश्वरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते उठले, एक पोतं उगाचच इकडून तिकडं ठेवलं. बंदेनवाजांना वाटलं, आता मार बसणार, आणि बसला तर तो योग्यच आहे. पण महेश्वर परत येऊन बसले.

"पोरगं काय म्हणालं माझ्याबद्दल?"

बंदेनवाजांनी मार्कलिस्टचं सांगितलं. कांद्याच्या बियाण्याचा ट्रकही सांगितला.

"ट्रक आला होता," महेश्वर म्हणाले. "पाऊस यायला झाला होता. बियाणं भिजलं असतं." मग विचारलं, "तुम्ही काय बोललात? माझ्या वतीनं?"

"म्हणलं, बोलून बोलून माणूस दमतो. घरी यीपतूर शब्द संपत्यात."

"खरंय ते."

"आन् म्हणलं, चुकलं."

महेश्वरांनी गल्ल्यावरचा काटा उगाचच पुसला. "तेही तुम्हीच म्हणून मोकळे झालात," ते म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा होता की कशाचा, ते बंदेनवाजांना शेवटपर्यंत कळलं नाही. चहा मात्र आला.

पाचव्या शनिवारी शिवयोगीशेजारी महेश्वर म्हमाणे बसले. बंदेनवाज फाटकाबाहेर रिक्षात होते. मॅडमनी शिपाई पाठवून त्यांना आत बोलावलं आणि मागच्या बाकावर बसवलं. पहिल्या दिवशीचाच कागद त्यांनी महेश्वरांपुढं ठेवला. मुलाबद्दल लिहा. महेश्वरांनी पेन हातात धरलं, ते खाली ठेवलं, परत उचललं. शेवटी त्यांनी दोनच शब्द लिहिले आणि वाचून दाखवले.

"माहीत नाही."

शिवयोगी हसला नाही.

"मग विचारा की," मॅडम म्हणाल्या.

महेश्वर पोराकडं वळले. गिऱ्हाईक नसलेल्या माणसाशी बोलायची त्यांना सवय नव्हती. "भाजी कुठली आवडते तुला?"

"दोडका सोडून सगळ्या."

"आपल्याकडं तर दर सोमवारी दोडकाच असतो."

"माहितीये मला, बाबा."

इतक्यात दानम्मा उभी राहिली.

"मॅडम, मला बी बोलायचंय. मी हिची आई न्हवं. पोरी माझ्या मेसला जेवतात. हिची आई लई कडक हाय म्हणून ही रडाय लागली, म्हणून मी आले."

सिद्धेश्वरीनं तोंड ओढणीत लपवलं. दाक्षायणी मॅडम खुर्चीवर बसल्या. खोट्या हजेरीबद्दल ज्या मुलीला वर्गात घातलं होतं, तिची आईही खोट्या हजेरीवर होती. मॅडम तिसऱ्या जोडीकडं वळल्या, पण त्या काही विचारायच्या आत सोमेशच्या वडिलांनी घाईघाईनं खिशातून आधार कार्ड काढून वर धरलं.

मॅडमना हसू आवरलं नाही. वर्गात त्या हसल्या ते पहिल्यांदाच. मग त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "ठीक आहे. आज पहिला शनिवार समजू."

म्हणून वर्ग सहाऐवजी दहा शनिवार चालला. सिद्धेश्वरीची आई आली, आणि ती खरोखरच फार कडक निघाली. दानम्माही येत राहिली. आता उठून जाणं बरं दिसत नाही, असं ती म्हणाली. महेश्वर दर शनिवारी दुकान भाच्यावर टाकून येत, उशिरा येत, आणि आले की फोनवर बियाण्याचा एखादा भाव सांगून मगच आत शिरत. त्यांनी पोराला कॉलेजातून काढलं नाही. रविवारी दुकानात मदतीला यायचं, एवढी अट घातली. शिवयोगीची त्याबद्दल तक्रार आहे. बाबा आता फार बोलतात, असं तो सांगतो, आणि बहुतेक काकडीबद्दलच बोलतात. मॅडमनी प्राचार्यांना नवा अहवाल दिला. त्यात सगळं खरं लिहिलं होतं. प्राचार्यांनी तो दोनदा वाचला आणि जुनाच पुढं विद्यापीठाला पाठवावा असं सुचवलं. मॅडमनी नवाच पाठवला. विद्यापीठातून अजून उत्तर आलेलं नाही.

बंदेनवाज आता कुणाचे बाप म्हणून जात नाहीत. पोरं अजून येतात, लिंबाखाली घुटमळतात. बंदेनवाज ऐकून घेतात आणि म्हणतात, "आत यायचं न्हाय. गावाकडं येतो तुझ्याबरोबर. तिकीट तुझं." एवढं ऐकून बरीच पोरं स्वतःच घरी फोन लावतात.

गेल्या पंधरवड्यात करमाळ्याचं एक पोरगं मात्र खरंच घेऊन गेलं त्यांना. त्यानं प्रयोगशाळेतला नळ रात्रभर उघडा ठेवला होता. एसटीत पोरगं खिडकीला बसलं आणि बापाला काय सांगायचं त्याची ओठातल्या ओठात तालीम करू लागलं. टेंभुर्णीपर्यंत त्यानं तीन वेगवेगळ्या सुरुवाती करून बघितल्या आणि मग कुठली बरी वाटते ते विचारायला शेजारी वळला. बंदेनवाज झोपले होते. झोपेतही त्यांचा चेहरा तसाच होता. त्याकडं बघून पोराला फार वाईट वाटलं आणि त्यानं पहिलीच, सरळ खरं सांगणारी सुरुवात नक्की केली.